वाट

पहिल्या वेळी कारण होतं.
हालोल रस्त्यावर धाकटा यशोधन गेला,
हेल्मेट तेवढं घरी आलं, भाजीच्या पिशवीतून.
अकरा महिने मी पडदे सारले नाहीत
आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

दुसऱ्या वेळी बदली. आणंदला,
चाळीस मिनिटांची तर गाडी.
वहिनी म्हणाल्या, एवढ्याशासाठी?

तिसऱ्या वेळी रेशनकार्डावर माझं नाव
कुंता छापून आलं.

डॉक्टर वैष्णव दर खेपेला कोरा कागद पुढे ओढतात,
"आ वखते शुं थयुं, कुंदाबेन?"
मी आठवून आठवून काहीतरी देते,
वाण्याची उधारी फेडावी तसं.

विश्वामित्रीला पूर आला की
समा रोडच्या सोसायट्यांत मगरी शिरतात,
जीप येते, मुलं मोबाइल काढतात,
ते आता सगळ्यांच्या सवयीचं.
पण काल, भर मार्चात,
नदी पुलाखाली डबक्याएवढी,
आणि काळ्या घोड्यापाशी फुटपाथवर एक मगर,
पाणीपुरीच्या गाडीला लागून,
निवांत.
वनखात्याचा पोरगा दोर सोडवत म्हणाला,
हिला वाट पाठ झालीय, मासी.
आता पूर लागत नाही.

रिक्षावाला हॉर्न देत राहिला.
मला बसायचं सुचेना.

आठवडाभर दूध उतू जातंय, मी बघत उभी असते.
काही झालेलं नाही. खरंच काही नाही.
गोळ्या अजून चार दिवसांच्या आहेत,
तरी उद्याच जाते दवाखान्यात.
गुजरातीतही मगरीला मगरच म्हणतात.