उताराची बाजू

तीन दिवस रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजत ठेवली
तेव्हा कुठे काळा चिकटा सुटला.
क्राऊन आणि पिनियन.
दोघांवर कोरलेला एकच आकडा : चारशे सतरा.
ही एकमेकांवर घासूनच जोडी करतात, बाई,
सुटी विकायची नसते.
एक हरवलं की दुसरं पेपरवेट.

देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या गॅरेजात
गाडी अशी उरलीच नव्हती.
बॉडी मुनाफने द्वारकेला नेली, त्र्याऐंशी साली,
किलोवर, पत्र्याच्या भावाने.
इंजिन सिन्नरकडे कुणाच्या तरी पंपाला लागलं म्हणे.
राहिला हा मागचा गोळा,
कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून.

मी सातपूरला एकतीस वर्षं दात मोजले.
गिअरचे. माझे स्वतःचे अकरा राहिलेत.
रिटायर झालो तरी डायल गेज घरी आहे,
आणि लोक येतात : देवरेकाका, याचं काय येईल?

फ्रेनीबाई स्टुलावर बसून बघत होत्या.
निळा लावला, चाक हाताने फिरवलं.
बॅकलॅश सहा थाऊ.
"सहा म्हणजे वाईट?"
सहा म्हणजे, या वयात, लग्न टिकलंय.

मग त्या रुसीबद्दल बोलल्या.
शर्यतीत उतरायचा.
क्लबाच्या भिंतीवर फोटो आहे अजून,
गॉगल, हातमोजे, बॉनेटवर एक पाय.
फोन स्पीकरवर होता.
कोइम्बतूरचा सेल्वराज मधेच म्हणाला,
रेसची गाडी? तसं लिहून द्या सर,
दोन लाख दहा.
नाहीतर दीड.

मी भिंग घेतलं.

दाताला दोन गाल असतात.
एक घासतो गाडी ओढताना.
दुसरा घासतो
उताराला तिला इंजिनावर रोखून धरली की.
ओढणाऱ्या गालावर नुसती झाक होती.
उताराचा झिजला होता,
एकसारखा, सावकाश,
रोज पुसलेल्या उंबरठ्यासारखा.
शर्यतवाला असा झिजत नाही.
त्याचे दात टोकाशी उडतात,
कुणी चोच मारल्यासारखे.
हा कसारा घाट होता.
दुसरा गिअर. न्यूट्रल एकदाही नाही.

मी गप्प बसलो.
साठ हजारांचा गप्पपणा,
तो फोनवरही ऐकू जातो.

"एवढं काय वाचता?"
सांगितलं.

आधी त्यांच्या खांद्यांना हसू आलं, मग तोंडाला.
रुसीला घाटात चक्कर यायची.
इगतपुरी सुटली की सीट बदलायचा,
डोळे गच्च मिटून, माझी शाल तोंडावर घेऊन.
मी चालवायचे. पायात सपाता.
ब्रेकवर माझा भरवसा नव्हता.
खाली सपाटी लागली
की मेला उठायचा, गॉगल चढवायचा,
सरक म्हणायचा.

मग? मी विचारलं. काय लिहू?

त्या निळ्या लागलेल्या चाकाकडे बघत राहिल्या.
बाहेर कुणाच्या तरी शिफ्टचा भोंगा वाजून गेला.
"भिंतीवर त्याला राहू दे," म्हणाल्या.
"कागदावर मला घ्या."

लिहिलं :
जोडी मूळ. आकडे जुळतात. चिरा नाहीत.
झीज उताराच्या बाजूस, नियमित.
चालक बहुधा स्त्री.
'बहुधा' त्यांनी खोडायला लावलं.

सेल्वराजने दीडच दिले,
त्यातून अडीच हजार पॅकिंगचे कापले,
ते पॅकिंग मीच केलं होतं,
द्राक्षांच्या पेटीत, ग्रीस थापून.

पिनियनमागची एक शिम ट्रेमध्ये राहिली.
बारा थाऊ जाडीची गोल चकती, आत पोकळ.
पाठवून उपयोग नव्हता,
तो सेटिंग नव्यानेच करणार.
फ्रेनीबाईंनी ती पदराने पुसली.
बोटाला मोठी.
मनगटाला लहान.
बराच वेळ इकडून तिकडे करत राहिल्या,
रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून
खाली उतरून आला तरी.