ओढा सकाळी ओलांडायचा

बस, हर्षदा. चहा होईतो ऐक.
फोनमध्ये टिपून घेऊ नकोस,
थंडीनं आधी फोनच मरतो.
रात्री त्याला पोटाशी घेऊन झोपायचं,
तान्ह्या लेकरासारखं.

पहिले दोन दिवस काही म्हणजे काहीच करायचं नाही.
विट्याच्या पोरींना नेमकं हेच जमत नाही, ठाऊक आहे मला.
जिना चढताना मध्येच थांबायचं,
कुणी हसलं तर हसू द्यायचं.
डोकं ठणकलं, मळमळलं, की शरम न करता खाली उतरायचं.
डोंगर काय हंगामी माल आहे?
पुढच्या सालीही तिथंच असतो.

सुती कपडे नकोत, घाम धरून ठेवतात,
मग तोच घाम चावतो.
लोकरी मोजे तीन जोड. त्यातला एक
तू पाण्यात पडलीस तरी भिजता कामा नये.
कसं, ते तुझं तू बघ.
खोबरेल बाटलीत दगड होतं.
शेंगदाण्याची चटणी ने, किलोभर.
तासगावचे बेदाणे ने,
पण तिथल्या जर्दाळूसमोर त्यांची बढाई मारू नकोस.
कुकरशिवाय डाळ शिजायची नाही,
पाणी नुसतं उकळल्याचं नाटक करतं.

शंभराच्या नोटा ने. कारगिलच्या पुढं
मशीन दिसलं तरी त्यात पैसे असतील असं नाही.
ओळखपत्राच्या झेरॉक्स, सहा.
पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरायची.
वाटेत दगडांची लांब भिंत लागेल, अक्षरं कोरलेली,
ती उजव्या हाताला ठेवून जायचं,
रेवणसिद्धाला आपण प्रदक्षिणा घालतो तसं.
घाई असली तरी.

आणि ओढे. हे नीट ऐक.
आपल्या येरळेला पाऊस लागतो.
तिथं नुसतं ऊन पुरतं.
सकाळी घोट्याएवढं पाणी,
दुपारी वरचं बर्फ सुटलं की कमरेएवढं, राखेच्या रंगाचं,
पोटातून धोंडे गडगडत नेणारं.
म्हणून ओढा सकाळी ओलांडायचा.
चहासुद्धा पलीकडं जाऊन प्यायचा.

मला कुठून कळलं म्हणतेस?
चौदा वर्षं होतो आम्ही लेहला.
बाजाराच्या मागं, चार पायऱ्या उतरून,
आठ बाय दहाची गलाईची खोली.
ह्यांची भट्टी, तेजाबाचा तांबूस धूर,
एक खिडकी, तीही धुरासाठी.
झंस्कारची माणसं जुनी चांदी घेऊन यायची,
ती वितळेपर्यंत बाकावर बसायची.
मी चहा द्यायची, ती बोलायची.
मोज्यांचं त्सेरिंगच्या सुनेनं सांगितलं,
फोनचं एका ड्रायव्हरनं.
ओढ्याचं आंगमोनं.
ती एकच कानातलं घेऊन आली होती.
दुसरं कुठंय, मी सहज विचारलं.
तेव्हा तिनं मला दुपार म्हणजे काय ते सांगितलं.
ह्यांनी वजन केलं. अकरा ग्रॅम.
मी कप विसळत राहिले, विसळलेलाच.

नाही गं. मी कुठं गेले?
एक दिवस भट्टी थंड राहिली
तर गिऱ्हाईक शेजारच्या आटपाडीकराकडं जायचं.
खिडकीतून एक डोंगर दिसायचा. अर्धा.

ही टोपी ने माझी.
ऊबदार आहे, वास तेवढा येतो तेजाबाचा,
किती धुतली तरी जात नाही.
आणि एखाद्या ओढ्याशी,
पलीकडं पोचल्यावर, बरं का, पलीकडं,
दुपारपर्यंत वाईच बस.
घड्याळ लावून बघ, किती वेळात चढतं.
धोंड्यांचा आवाज कसा येतो तेही बघ.
मग मला येऊन सांग.

घे, चहा निवला.