डावीकडचा स्वल्पविराम

‘संमतीपत्र’ असं दुसऱ्या वेलांटीनं छापलं होतं.
मी खिशातली पेन्सिल काढून पहिली केली,
समासात खूण केली, जुन्या सवयीनं,
आणि खाली सही: शशिकांत य. गुप्ते, चरई, ठाणे.
खिडकीतल्या मुलीनं कागद डोळ्यांजवळ नेला.
“काका, हे तुम्ही लिहिलंय की मुंगी चालून गेली?”

सुई टोचून झाली. आता चार तास थांबायचं,
औषध डोक्यात जाऊन बसेपर्यंत.
नेरूळच्या त्या आवारात मी येरझाऱ्या घातल्या.
कुमुद मागून बघत होती. गेलं वर्षभर ती मागूनच बघते.
“डावा झुलतो. उजवा बघ,
छत्री अडकवल्यासारखा. आणि छत्री तर माझ्याकडे आहे.”

चुकांची यादी तिनंच ठेवलीय.
खिळ्याखिळ्यातली उलटी मात्रा धरणारा मी,
चेंदणीच्या वाटेवर सुकट वाळत होती
तर माझ्या नाकाला पत्ता नाही.
दूध करपलं तेव्हा मी ओट्याशेजारीच
रविवारची पुरवणी वाचत होतो.
रात्री झोपेत कुणाशी तरी भांडतो, लाथा झाडतो.
तिनं उशी पायथ्याशी नेली.
तिथे लाथा जास्त बसतात म्हणून परत आणली.

“हलायचं नाही हं, अर्धा तास,” तांडेल मॅडम म्हणाल्या.
म्हटलं, हात अजून हलायला लागलेला नाही, बाई,
लागणार आहे का, तेच बघायला आलोय.
त्यांनी कपाळावरून पट्टा ओढला.
फर्म्यात खिळे आवळतात तसं डोकं आवळलं,
आणि दोन जड पाटे
माझ्याभोवती सावकाश फिरू लागले,
घाई नसलेल्या वाचकासारखे.

डॉक्टर मुकादम यांनी पडदा आमच्याकडे वळवला.
काळं पान. मधोमध दोन उजळ खुणा.
“निरोगी मेंदूत इथे दोन स्वल्पविराम दिसतात,
डोकी जवळ, शेपट्या बाहेर.
तुमच्या डावीकडच्याची शेपटी झडत आलीय.
झडत झडत त्याचं टिंब होतं.”

मी पोटासाठी काय करायचो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.
कुमुदनं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे.
एकेचाळीस वर्षं.
टिंब पडल्यावर वाक्याचं काय होतं,
हे मला सांगता?

पुढे त्या बरंच बोलल्या:
नुसत्या चित्रावर निकाल लावायचा नसतो,
चाल, झोप, नाक, हात, सगळं एकत्र वाचायचं असतं;
लवकर दिसलं ते बरंच झालं; व्यायाम चुकवू नका;
लिहाल ते मोठं लिहा.
मी विचारलं, “आणि उजवीकडचा?”
“त्याला आहे शेपटी. अजून.”
‘अजून’च्या आधी त्या थांबल्या. ती जागा मी नेमकी ऐकली.

कळव्याच्या पुलावर, खाडीला ओहोटी,
मी कुमुदला सांगितलं: जुन्या पोथ्यांत स्वल्पविराम नव्हताच.
उभा दंड असायचा, बस. तरी लोक वाचायचे.
श्वास कुठे घ्यायचा ते त्यांचं त्यांना कळायचं.
ती म्हणाली, “तू पोथी नाहीस.”
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

आता रोज सकाळी जुन्या प्रूफांच्या पाठकोऱ्या बाजूवर
तळहाताएवढा ‘क्ष’ काढतो.
दुसऱ्या ओळीत तो बोराएवढा होतो,
चौथीत मोहरी. कुमुद फूटपट्टी लावते,
काही बोलत नाही, नवा कागद देते.

मग पंचानं माझे डोळे बांधते,
नाकाखाली डबी धरते.
“काय आहे?”
“हिंग.”
“बघ! आला की नाही वास!”
तिच्या बांगड्या आनंदानं वाजतात.

झाकण उघडताना पत्रा किरकिरला होता,
त्या एकाच डबीचा किरकिरतो,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही,