खोटं शिंगरू

घोडी सहजासहजी दूध देत नाही.
आधी शिंगराला दाव्यातून सोडायचं,
दोन घोट पिऊ द्यायचे,
मग तोंड ओढून
तिच्या मानेशी उभं करायचं, वास येईल असं.
तिलेक शिंगरू धरतो.
मी एका गुडघ्यावर, बादली दुसऱ्या,
हात तिच्या मांडीला वळसा घालून.
तेवढ्यात तिला पान्हा फुटतो
आणि मलाही.

हे सांगायचं कुणाला?
सोन-कोलच्या कुरणावर दर दोन तासांनी धार,
दर दोन तासांनी माझ्या सदऱ्यावर दोन ओली वर्तुळं.
पाळी नाही, सव्वा वर्ष झालं.
भाकड म्हणावं तर दूध येतंय,
लेकुरवाळी म्हणावं
तर पाळणा हिवाळ्याच्या घरात, चादरीखाली.
आमच्याकडे असल्या जनावराला नावच नाही.

सासूबाई झऱ्यापाशी घेऊन गेल्या,
झुडपाला चिंधी बांधली.
"दूध म्हणजे दिवसच गं, बुरुल."
तीनदा म्हणाल्या. तीनही वेळा पट्टीवर एकच रेघ.
मग म्हणायच्या बंद झाल्या.
ते जास्त लागलं.

नारिनहून बिश्केक, मार्शरुत्कात मागच्या सीटवर.
डॉक्टर जिपारांनी विचारलं,
डोकं दुखतं? कडेचं नीट दिसतं?
कुशीचं गाऱ्हाणं घेऊन आलेय मी,
आणि ही बाई डोळ्यांचं काय विचारते!
रक्त दोनदा घेतलं,
दुसऱ्यांदा अर्धा तास शांत बसवून,
कारण सुईला घाबरलं तरी हा आकडा चढतो म्हणे.
एकशे बेचाळीस. पंचविशीच्या आत हवा होता.
मग त्या खडखडणाऱ्या नळीत डोकं.

"ही बघ, डोळ्यांच्या मागे वाटाण्याएवढी ग्रंथी.
तिच्यावर ही मसुराची डाळ.
कर्करोग नाही. नुसती बडबड करते.
अंगभर एकच निरोप धाडते:
तान्हं अंगावर पितंय, दूध चालू ठेवा.
अंडाशय ते ऐकतं आणि गप्प बसतं.
अंगावरचं असताना दुसऱ्याची घाई कशाला?"

मला एकदम जनालीची घोडी आठवली.
तिचं शिंगरू उशिराच्या बर्फात गेलं
तेव्हा त्याच्याच कातड्यात गवत भरून
त्यांनी ते तिच्यापुढे उभं केलं होतं.
उन्हाळाभर ती ते चाटत राहिली,
दूध देत राहिली.
"म्हणजे माझ्या डोक्यात गवताचं शिंगरू बांधलंय," मी म्हटलं.
डॉक्टर शहरातल्या, त्यांना जरा वेळ लागला.
पण हसल्या नाहीत.

आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी,
सोमवारी, गुरुवारी, भाकरीच्या सुरीनं कापून.
रात्री तंबूचं छत गरगरायचं,
सकाळी उमासे.
एकदा सासूबाईंनी ते ऐकलं, लगबगीनं आल्या,
माझ्या तोंडाकडे पाहिलं,
आणि चहाची किटली उचलून परत गेल्या,
जणू तेवढ्यासाठीच आल्या होत्या.

नवव्या आठवड्यात सदरा कोरडा.
हेच तर हवं होतं.
तरी घोडीखाली बसले, तिला पान्हा फुटला,
आणि मी वाट पाहिली.
काही नाही.
खोटं का होईना, इतके दिवस
कुणीतरी माझ्याकडे तोंड करून उभं होतं.
त्याचा दोर मीच कापला,
अर्धी अर्धी गोळी करून.

ऑगस्टात आकडा एकोणीस.
आणि एका पहाटे नमद्यावर डाग.
आजवर या डागाचा अर्थ एकच होता: याही महिन्यात नाही.
सासूबाईंनी काही न बोलता नमदा गोळा केला,
झऱ्यावर नेला, गार पाण्यात चोळला.
परत येऊन बोर्सोक तळायला बसल्या,
कढईभर.
शेजारणीनं विचारलं, आज काय विशेष?
"कुठे काय. पीठ उरलं होतं."

बाहेरून तिलेकची हाक आली,
दोन तास झाले.