बोटभर

घणसोली गावात, चिकनच्या दुकानामागे
दहा बाय बाराचा माझा स्टुडिओ.
भिंतींना फोम, दाराला जुनी गोधडी,
आणि कम्प्युटरच्या पाठीत खुपसलेला
हा निळा, बोटभर.
डोंगल म्हणतात याला.

पेनड्राइव्ह नाही. यात गाणी मावत नाहीत.
यात फक्त एवढंच मावतं
की मी चोर नाही.

सॉफ्टवेअरचे बेचाळीस हजार, बायकोची भिशी मोडून.
पावती मी लॅमिनेट करून भिंतीला लावली.
रबाळ्याचा स्नेहल केणी ती वाचून म्हणाला,
'दादा, याला पैसे देतात?'

मार्गशीर्षात भाच्यानं, ओमीनं,
गाडीत हळदीची गाणी भरायची म्हणून
तो उपटला, घाईत, तिरका.
आत काहीतरी बारीक मोडलं.
पडद्यावर चौकट आली, सभ्य भाषेत:
परवाना सापडला नाही.

सापडला नाही?
माझ्या हातात होता की.

वाशीत इम्तियाजनं भिंगाखाली धरून टाका मारला.
दिवा लागला.
'जळतोय, पण बोलत नाही,' म्हणाला,
पैसे घेतले नाहीत.
कंपनीचं उत्तर आलं: मोडका तुकडा पाठवा,
टपालखर्च तुमचा, सहा ते आठ आठवडे.
हरवला असता तर सगळं नव्यानं विकत घ्यावं लागलं असतं.
नशीबवान आहात, असं लिहिलं नव्हतं,
पण सूर तोच होता.
मला सूर कळतात.

आणि हळद रविवारी.

गुणाबाय मढवी, तळवलीची धवलारीण.
श्रावणात तीन दुपारी, पंखा बंद करून,
एकवीस धवले तिनं मला दिले होते.
दिवाळीनंतर तिचा आवाज बसला
तो उठलाच नाही.
नातीच्या हळदीला तेवढं वाजव, म्हणाली,
जवळजवळ नुसत्या ओठांनी.

फोल्डर उघडत होता. तो कुणी अडवला नव्हता.
एकशे त्रेचाळीस तुकडे.
सदतीसमध्ये श्वास. अडतीसमध्ये नुसतं 'दारी'.
एकोणचाळीसमध्ये बांगड्या.
चाळीसमध्ये कोंबडा, दुकानातला,
बहुधा त्याचं शेवटचं.
कशानंतर काय, कुठे कापलं, कुठे सांधलं,
दोन ओळींमध्ये किती शांतता ठेवली,
तो हिशेब कुलपात.
हिशेब माझाच होता.

शनिवारी रात्री दीड वाजता स्नेहलनं लिंक पाठवली.
मी घेतलं. लिहूनच ठेवतो: घेतलं.
अँटिव्हायरस बंद केला,
भिंतीवरची पावती उलटी केली.
दोन मिनिटांत सगळं उघडलं,
इतकं सहज की रागच आला,
कुणाचा ते ठरवता येईना.

हळदीला वाजलं. बायका मागून म्हणत होत्या.
गुणाबाय खुर्चीत ओठ हलवत बसली होती.
एका ठिकाणी थांबली, माझ्याकडे बघितलं.
तिथला खोकला मी काढून टाकला होता.

डोंगल माघात परत आला,
वर कस्टमचे अकराशे मागून.
लावलाय आता. दिवा लागतो. बोलतोही.
स्नेहलचं मी पुसलं नाही अजून.

परवा गुणाबाय आली, तिला काढून दाखवला.
तळहातावर घेऊन, वजन बघावं तसा
तिनं तो खालीवर हलवला,
आणि फाटक्या आवाजात म्हणाली,
'कुलूप घेतला का दोन चाव्या देतान.
तुला यकच कशी?'

ओमी बाहेरून हाका मारत होता,
मामा, गाडीत गाणी भरायचीत.
मी तिच्या हातातून डोंगल परत घेतला.
जरा घाईनंच.