कच्चा माल

चोपड्यात दुपारी तीनला
लॅपटॉपचा पंखा धापा टाकतो.
बाहेर पंचेचाळीस, गाळ्यात एकेचाळीस,
समोर तीन खिडक्या उघड्या.
दोन सॉफ्टवेअरची तीस-तीस दिवसांची ट्रायल,
त्यातले एकोणतीस लग्नसराईनं खाल्ले.
तिसऱ्याला कसलीच घाई नाही.

हिलालआप्पा शटरची किल्ली देताना म्हणाले होते,
रॉमध्ये काढू नको बाई,
कार्ड भरतं, गिऱ्हाईक थांबत नाही.
मी ऐकलं नाही.
माझ्या वडिलांनी वीस वर्षं केळीचे घड ट्रकात चढवले,
हिरवे, दगडासारखे.
पिकायचे ते दिल्लीला, कानपूरला,
ज्याच्या खोलीत उतरतील त्याच्या हातानं.
माल कच्चाच पाठवायचा, ते म्हणत,
पण पिकवणारा कोण ते विचारून.

तर मी विचारतेय.

परीक्षेला फोटो एकच. अडावदच्या दीपमालाची हळद.
वर हिरव्या कापडाचा मांडव,
कापडाला एक फाट, फाटीतून ऊन थेट कपाळावर,
गालावर हळद, हळदीवर मांडवाचा हिरवा.
अशा उजेडात खरा रंग कोणता
हे देवालाही हिस्टोग्राम बघून सांगावं लागेल.

पहिलं महिन्याच्या भाड्याचं.
उघडताच सगळं असं उजळतं,
जणू कुणी आधीच पैसे भरलेत.
भाडं थकलं की माझ्याच कामाला त्याचं कुलूप.
गाळा भाड्याचा, जनरेटर भाड्याचा,
आता हळदीचा पिवळाही?

दुसरं एकदाच घ्यायचं, जन्माचं.
तेवढ्यात एक जुनी स्कूटी येते.
त्यात एक बटण आहे, नाव नुसतं ‘चेहरा’.
दाबलं.
दीपमाला दोन शेड गोरी झाली,
नाकाशेजारचा तीळ गेला,
आणि हळद लावणाऱ्या आत्याच्या हनुवटीवरचं गोंदणही,
त्याला ते डाग वाटले.
कार्बाईडचं केळं. साल पिवळी, गाभा तसाच.

काल दीपमाला अल्बम ठरवायला आली,
माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.
“हाई कोन शे वं?”
तूच, म्हटलं.
“मी नही. मनी नणंद व्हई.”
हसलो दोघी. ती मात्र बघतच राहिली,
चहा निवेपर्यंत.
जाताना, चपला घालता घालता, हळूच:
“एक आशी बी दे.”

तिसरं फुकट.
कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी
रात्री जागून केलेलं म्हणे.
उघडलं तर फोटो राखेचा.
बटणांची नावं मराठी नाहीत, इंग्रजी नाहीत, नुसतं गणित.
एक वाचून होईतो लाइट जाते.
चार तास लागले.
मांडवाचा हिरवा तिच्या गालावरून उतरवला,
ओल्या कपड्यानं पाटी पुसावी तसा,
हळद हळदीच्या जागी राहिली,
आत्याचे तीन ठिपके तीनच.
मग डावीकडचा काळा कोपरा जरा उचलला,
तर पाण्याच्या जारमागे एक पोरगा निघाला,
जिलबी लपवून खाणारा.
तो तिथेच होता. कॅमेऱ्यानं पाहिला होता,
मी नव्हता.

त्या पोरावर जीव जडला, खरं सांगते.
पण लग्नाचे फोटो अठराशे.
अठराशे गुणिले चार तास
हे मला आप्पांच्या कॅल्क्युलेटरवरही करायचं नाही.

मे महिना पहिल्याच्या भाड्यावर काढीन.
जूनमध्ये गाळा रिकामा असतो,
तेव्हा तिसरं शिकत बसेन, एकेक बटण.

दुसऱ्याची ट्रायल आज रात्री बारापर्यंत आहे.
तोवर दीपमालाची ती गोरी कॉपी काढून ठेवते.
मागितलीय तिनं, द्यावी लागेल.
तीळ तेवढा
मी हातानं परत ठेवते, नाकाशेजारी.
बघू, आता तरी ओळखते का.