निम्म्याचं निम्मं

साठ फासे आणलेत नववीच्या मुलांसाठी,
दुकानात तेवढेच होते.
दहा वाजलेत, खिडकीबाहेर आत्ता कुठे फटफटतंय.

टाका, म्हणते. सहा पडला तो गेला.
बाजूला ठेवायचा, परत घ्यायचा नाही.
पहिल्या फेरीत नऊ गेले, दुसरीत अकरा,
तिसरीत नुसते पाच. मात्तिस वैतागला.
चौथीत सहा.
उरले एकोणतीस, म्हणजे निम्म्याला एकच कमी.

"बाई, पुढचा कुठला जाणार?"

कुणालाच ठाऊक नाही. फाशालाही नाही.
अणू म्हातारा होत नसतो, मात्तिस,
आजारीही पडत नाही.
लाख वर्षं बसून राहिलेला आणि कालचा,
दोघांची जायची शक्यता आजही तेवढीच.
एकाचं काहीच सांगता येत नाही,
ढिगाचं मात्र घड्याळ लावावं इतकं नेमकं.

फळ्यावर अल्फा काढते: दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन,
जाडजूड गडी, वहीच्या पानाशी अडतो.
पण श्वासाबरोबर आत शिरला
तर घरभर भांडी फोडत सुटतो.
बीटाचं पुस्तकात वाचा, पान एकशे बारा.
गॅमाचं मी सांगते, गॅमा मी ऐकलाय.

मी नऊ वर्षांची होते.
वसंतात पूर्वेकडून ढग आले
आणि आमच्या डोंगरावर रिते झाले.
दगडफुलाला मूळ नसतं,
हवेतून येईल ते पोटात घेतं, नाही म्हणत नाही.
हिवाळाभर रेनडिअर दगडफूल खातात.
आम्ही रेनडिअर खातो.
यापुढचं गणित तुम्हाला जमेल.

बाबा शिंगं धरून उभे राहायचे,
सरकारी माणूस मागच्या मांडीला नळकांडं टेकवायचा.
आत, त्या ऊबदार मांसात,
सीझियमचा एखादा अणू इलेक्ट्रॉन फेकून बेरियम व्हायचा,
आणि तो नवा बेरियम, थोडी मिनिटं अस्वस्थ राहून,
एक गॅमा सोडायचा:
स्नायू, कातडं, केस, बाबांचा हातमोजा ओलांडून
नळकांड्यात टक्.
सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकेरल.
किलोमागे हजारो होते.
टक् टक् नाही, नुसती खरखर,
कढईत मीठ टाकल्यासारखी.

बाबांकडे कळपातल्या प्रत्येक रंगाला,
कानाच्या प्रत्येक खुणेला शब्द होता. याला नव्हता.
ते "ते" म्हणायचे.
"आज किती आहे ते?"
त्या शरदात एकशे चाळीस जनावरं खड्ड्यात गेली.
आईने सुरी धुऊन ठेवली. धुवायला तिला लागलेलं काही नव्हतंच.

मग निळं मीठ आलं, शाईसारखं.
चाटलं की सीझियम धरून शेणावाटे बाहेर काढतं.
कळप कुंपणात, गावाकडचं स्वच्छ गवत, आणि वाट बघणं:
जनावराच्या अंगातून निम्मं जायला तीनेक आठवडे,
डोंगरावरच्यातलं निम्मं फुटून संपायला तीस वर्षं.
सगळ्यांच्या जिभा निळ्या.
मी हसले होते, आठवतं. बाबाही हसले, उशिरा.

मी एकोणचाळीस झाले तेव्हा
"ते" निम्मं झालं होतं.
त्याच मार्चमध्ये योव्वा गेले, माझे बाबा,
सगळेच एकदम; माणसाचं निम्मं होत नाही.
मी एकोणसत्तरची होईन तेव्हा पाव उरेल.
तेव्हा तुमच्यातलं कुणीतरी शिंगं धरून उभं असेल
आणि नळकांडं बहुतेक गप्प.
बहुतेक. निम्मं करत शून्याला पोचता येत नाही,
हे तुमच्या फाशांनी दाखवलंच.

घंटा झाली.
फासे परत डब्यात: एकोणसाठ.
पुन्हा मोजले, एकोणसाठ.
सुन्ना रेडिएटरखाली आडवी झाली,
गाल फरशीला, एक वेणी धुळीत.
"सापडला! बाई, चार पडलाय."

म्हणजे आहे अजून. आण इकडे.